चीता-चेतक बदलताना बचावाचे हेलिकॉप्टर वेगळे धरा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लष्कर आणि हवाई दलाची जुनी, हलकी चीता आणि चेतक हेलिकॉप्टरे बदलण्याचा विषय पुन्हा ऐरणीवर आला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने २०० हलक्या हेलिकॉप्टरांसाठी उत्पादकांकडून माहिती मागवली, १२० लष्करासाठी आणि ८० हवाई दलासाठी. आपल्याच कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यात एचएएल या सरकारी विमान कंपनीचा हेलिकॉप्टर कारखाना ६ फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाला असून तिथे एलयूएच हे स्वदेशी हलके हेलिकॉप्टर बनवायचे ठरले आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घरटी नाही तरी गल्लीगणिक एक फौजी असतो. मराठा सेंटर आणि सांबऱ्याचे हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र तर आपल्या दारातच आहे. म्हणून या चर्चेतली एक गल्लत इथल्या वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. टेहळणीचे हेलिकॉप्टर आणि बचावाचे हेलिकॉप्टर एकच धरले जात आहे. चीताच्या जागी नवे हलके हेलिकॉप्टर आले, की शत्रूच्या माऱ्यात पडलेल्या वैमानिकाला उचलून आणायची सोय आपोआप होत नाही.

चीताची थोरवी कमी नाही. ज्या फ्रेंच लामाची ती भारतीय आवृत्ती, त्या लामाने २१ जून १९७२ रोजी १२,४४२ मीटर उंची गाठली होती. सियाचीनमध्ये १९८४ पासून याच यंत्रांनी रसद पोचवली आणि जखमींना खाली आणले. पण यात इंजिन एकच, माणसे मोजकी आणि वैमानिकाच्या मदतीला आधुनिक उपकरणे जवळजवळ नाहीत. बदल व्हायलाच हवा, आणि तो फार आधी व्हायला हवा होता. रशियाच्या कामोव्ह-२२६टी साठी २०१५ मध्ये करार झाला. किंमत आणि देशी भागांचे प्रमाण या वादात तो अडकला आणि त्यात बरीच वर्षे गेली.

खरेदीच्या कागदात ‘कमाल उंची’ लिहिलेली असते. बचावाच्या कामाला तेवढा आकडा पुरत नाही. हेलिकॉप्टर जमिनीलगत असते तेव्हा पात्यांनी खाली ढकललेल्या हवेचा त्याला आधार मिळतो. ३०-४० मीटरवर अधांतरी थांबून दोर सोडायचा म्हटला की तो आधार जातो आणि त्याच वजनाला बरीच जास्त ताकद लागते. त्यात १८,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्माच असतो. म्हणजे ज्या उंचीवर यंत्र उतरू शकते, तिथे ते दोर सोडून थांबू शकेलच असे नाही. मागणीच उंची, तापमान, वजन आणि दोर सोडून किती मिनिटे थांबायचे, अशा शब्दांत लिहिली पाहिजे.

दुसरा मुद्दा इंजिनांचा. पुढे उडताना एकुलते इंजिन बंद पडले, तर पाती हवेवर फिरत ठेवून कुशल वैमानिक यंत्र खाली आणतो. पण ४० मीटरवर, वेग शून्य आणि दोराला माणूस, अशा वेळी इंजिन गेले तर सावरायला ना उंची असते ना वेग. म्हणून बचावाला दोन इंजिने हवीत, आणि एक गेले तरी दुसऱ्यावर निघून जाता येईल एवढे वजन राखून उडायला हवे. वजनाचा हिशेब सोपा आहे. दोन वैमानिक, एक विंच (दोर सोडायचा-ओढायचा रहाट) चालवणारा, एक दोरावरून खाली जाणारा, हवाई दलाच्या गरुड पथकाचे दोन कमांडो आणि उचललेले दोघे मिळून आठ माणसे होतात. सामानासकट माणशी १०० किलो धरले तर ८०० किलो झाले. इंधन, चिलखती पत्रे, मशीनगन आणि औषधपेटी वेगळी. तीन टन वर्गाच्या एलयूएचला हे झेपणारे नाही. एचएएलचेच साडेपाच टनांचे ध्रुव त्यासाठी योग्य आकाराचे आहे. रशियन बनावटीच्या १३ टनांच्या एमआय-१७ मध्ये जागा भरपूर, पण पात्यांखालचा वारा प्रचंड, आवाजही तसाच.

विंचबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण खरेदीत तिला ‘जोडसामान’ समजून शेवटी ढकलले जाते. बचावाच्या सर्वसाधारण विंचची क्षमता २७२ किलो असते. दोर पोलादी, सुमारे ४.८ मिलिमीटर जाडीचा, १३३ बारीक तारांचा, पीळ उलट-सुलट देऊन बनवलेला, म्हणजे लोंबकळणारा माणूस गरगरत नाही. हाच दोर एकदा दरवाजाच्या कडेवर घासला किंवा झटक्याने ताणला गेला, की एखाद-दुसरी तार तुटते. ती डोळ्यांना दिसत नाही. सुती फडके दोरावरून सावकाश ओढत न्यावे लागते. तुटलेल्या तारेचे टोक फडक्याचा धागा पकडते. कधी पीळ सुटून दोर पिंजऱ्यासारखा फुगतो. तो तिथेच बाद. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवून, कोरडा करून मगच गुंडाळायचा. दोर झाडात अडकला तर तो क्षणात तोडण्यासाठी विंचमध्ये स्फोटक काडतुसाचा कटर असतो, आणि त्या काडतुसाला मुदत असते. मुदत संपलेले काडतूस आणि शिल्लक दोर नसलेले भांडार असेल, तर कोट्यवधींचे हेलिकॉप्टर बचावासाठी निकामी ठरते. प्रत्येक यंत्रामागे किमान एक जादा दोर आणि कटरची काडतुसे मूळ करारातच घ्यावीत.

शत्रूच्या माऱ्यात काय होते ते कारगिलमध्ये दिसले. २७ मे १९९९ ला फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ चे इंजिन बंद पडले आणि त्यांना उडी घ्यावी लागली. त्यांचा ठावठिकाणा शोधताना स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचे मिग-२१ क्षेपणास्त्राने पाडले आणि आहुजा शहीद झाले. दुसऱ्या दिवशी तोलोलिंगजवळ खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने आपले एमआय-१७ पाडले. त्यातले चौघेही गेले. त्या हेलिकॉप्टरवर फ्लेअर, म्हणजे क्षेपणास्त्राला चकवणारे जळते गोळे, नव्हते. फ्लेअर नुसते बसवूनही भागत नाही. क्षेपणास्त्र आल्याची सूचना देणारे संवेदक हवेत आणि फ्लेअर आपोआप सुटले पाहिजेत, कारण माणसाच्या हाताशी असतात ते जेमतेम काही सेकंद.

आपल्याच माणसांकडून होणारा धोकाही खरा आहे. २७ फेब्रुवारी २०१९ ला बडगामला आपल्याच क्षेपणास्त्राने एमआय-१७ पाडले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. बचावाचे हेलिकॉप्टर तर नेमके गोंधळाच्या वेळी, खालून आणि ठरल्या मार्गाबाहेरून उडते. शत्रू-मित्र ओळखणारी यंत्रणा आणि हवाई संरक्षणाशी थेट संपर्क नसेल तर ते उडवूच नये.

पडलेला माणूस सापडणे हेच अर्धे काम असते. उपग्रहांनी १२१.५ मेगाहर्ट्झवरचे संकटाचे रेडिओ संकेत ऐकणे १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केले आहे. आता ४०६ मेगाहर्ट्झचे बीकन, म्हणजे असा संकेत पाठवणारे छोटे उपकरण, लागते, आणि त्या संकेतांचे भारतातले केंद्र बेंगळूरला आहे. मात्र युद्धात उघडे बीकन शत्रूलाही वाट दाखवते. म्हणून थोडक्यात आणि सांकेतिक बोलणारा रेडिओ हवा, आणि उड्डाणाआधी लिहून ठेवलेले असे प्रश्न हवेत की ज्यांची उत्तरे तो वैमानिकच देऊ शकेल. बोस्नियात २ जून १९९५ ला पाडलेला अमेरिकी वैमानिक स्कॉट ओग्रेडी ८ जूनला सुटला. त्याला आणायला दोन सीएच-५३ गेली, सोबत कोब्रा हेलिकॉप्टरे आणि हॅरिअर विमाने होती. बचाव हे एकट्या हेलिकॉप्टरचे काम नसते. अमेरिकेने आपली जुनी पेव्ह हॉक बचाव हेलिकॉप्टरे बदलताना नव्या एचएच-६०डब्ल्यू मध्ये मूळ टाक्यांतले इंधन जवळपास दुप्पट केले. आधी जादा टाक्या केबिनमध्ये ठेवाव्या लागत आणि तेवढी जागा जखमींकडून हिरावली जाई.

एकाच प्रकारावर सगळी भिस्त ठेवण्याचा धोकाही नुकताच दिसला. ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला तटरक्षक दलाचे ध्रुव कोसळले, तिघे गेले, आणि देशभरातली ध्रुव हेलिकॉप्टरे काही महिने जमिनीवर राहिली. वैमानिकाच्या हातातल्या दांड्याची हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत पोचवणारी स्वॉशप्लेट तुटल्याचे पुढे आले. म्हणून ध्रुवबरोबर बचावासाठी सज्ज केलेली काही एमआय-१७ सुद्धा कायम ठेवावीत. १३ टनांचे नवे स्वदेशी हेलिकॉप्टर प्रत्यक्ष हातात येईपर्यंत त्यांची सुटका नाही.

मागणी एवढीच आहे की २०० चा आकडा टेहळणीचा समजावा आणि बचावाच्या यंत्रांची संख्या, विंच, रेडिओ, फ्लेअर आणि नेमलेले कर्मचारी यांचा वेगळा हिशेब व्हावा. गरुड पथकाच्या कामात युद्धकालीन बचाव २००४ पासून आहे. त्यांना नेहमीच्याच विंचवाल्यांबरोबर सराव मिळाला पाहिजे, दर वेळी नव्या माणसांबरोबर नव्हे.

त्या सरावाला बेळगावसारखी जागा नाही. सांबऱ्याची धावपट्टी, कमांडो प्रशिक्षण आणि हेलिकॉप्टरने काही मिनिटांवर जांबोटी-कणकुंबीचे दाट रान, जिथे ३० मीटर उंच झाडांच्या शेंड्यांतून दोर खाली न्यावा लागतो आणि जूनपासून ढग टेकड्यांवर बसलेले असतात. हिमालयाचा सराव इथे होणार नाही, पण अरुणाचलच्या जंगलाचा होईल. पावसाळ्याचे चार महिने विंच असलेली दोन हेलिकॉप्टरे सांबऱ्यात ठेवली तर ऑगस्ट २०१९ सारख्या पुरात घटप्रभा, मलप्रभा आणि कृष्णाकाठच्या गावांनाही ती जवळ राहतील.

तोवर ग्रामपंचायतींनी आपल्या फलकावर एवढे तरी लावावे: हेलिकॉप्टर येताना दिसले की घरावरचे सुटे पत्रे, ताडपत्री आणि कडब्याची गंजी बांधून घ्या. वरून सोडलेला दोर जमिनीला किंवा पाण्याला टेकल्याशिवाय हात लावू नका, पात्यांनी साठवलेल्या विजेचा जबर झटका बसतो. आणि तो दोर झाडाला, खांबाला, कशालाच बांधू नका.

आपला,
निवृत्त हवाई दल तंत्रज्ञ, बेळगाव तालुका