तुझा पंप टेबलावरच राहिला

मिनू,

गाडी इटारसीच्या पुढे गेली असेल. तुझा दम्याचा पंप टेबलावरच राहिला. दिल्लीची हवा काय आहे तुला माहीत आहे न, उतरल्याबरोबर पहिले मेडिकलमधून घेजो, चिठ्ठीचा फोटो पाठवला आहे.

काल मी जास्तच बोललो. पेटंटच्या फर्ममध्ये चालली म्हणजे कंपन्यांचीच बाजू घेशील, असं म्हणायला नको होतं. आईनं सकाळपासून अबोला धरला आहे.

पेटंट नसलं तर संशोधनात पैसा कोण लावेल, हे तुझं मला पटते. पण तीस वर्षं काउंटरमागे उभा आहे मी. कॅन्सरचं ते नेक्साव्हर महिन्याला 2 लाख 80 हजाराचं होतं, 2012 मध्ये नॅटको कंपनीला सक्तीचं लायसन्स मिळालं, म्हणजे पेटंटवाल्याची मर्जी नसतानाही तेच औषध बनवायची सरकारी परवानगी, तर 8,880 वर आलं. त्याच्या आधी एका माणसानं दुकानात येऊन किंमत विचारली, चिठ्ठीची घडी केली, मग अजून एक घडी, मग अजून एक, खिशात ठेवली आन् गेला. परत नाही आला. लेक्चर झालं न पुन्हा, सॉरी बेटा.

कोरोनाच्या लसीचं नुसतं पेटंट उठवून भागत नाही, बनवायची पद्धत शिकवणारंही कोणी लागते, हे तूच मला समजावलं. तरी पण भारत आन् दक्षिण आफ्रिकेनं ऑक्टोबर 2020 मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे पेटंटच्या नियमांतून सूट मागितली आणि जिनिव्हात निर्णय झाला जून 2022 मध्ये, तोही फक्त लसीपुरता, औषधं-टेस्ट बाजूलाच! वीस महिने बाप्पा.

पण रात्री झोप नाही आली तेव्हा दुसरंच आठवलं. मे 2021, नागपुरात तुला स्लॉट मिळून नव्हता राहिला, तर स्कूटरवर काटोलपर्यंत नेलं तुला, त्या उन्हात, मागे बसून पंप मुठीत धरून होती तू. पुण्यात बनलेली लस मिळाली. आपण बाहेर पाठवणं थांबवलं होतं तेव्हा, गरीब देशांना लस पुरवणाऱ्या कोव्हॅक्स योजनेच्या भरवशावर बसलेले देश वाट पाहून राहिले होते, आणि मी परत येताना रसवंतीवर दोन-दोन ग्लास रस पाजला तुला. आफ्रिका-बिफ्रिका काही आठवली नाही मला त्या दिवशी. हे काल सांगायला पाहिजे होतं.

परीक्षा पहिल्याच झटक्यात पास झाली, हे आपल्या अख्ख्या महाल मोहल्ल्यात सांगून झालं माझं, तुलाच तेवढं नाही सांगितलं.

इथल्या पंपावर 14 आकडा दिसून राहिला, म्हणजे संपतच आला होता, काहून सांगितलं नाही? नवा घेतला की फोन कर. माझ्याशी नसेल बोलायचं तर आईला कर, मी बाजूलाच आहे.

बाबा