कार्बन एमआरआयचं हेडिंग चुकलं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीत ब्रेन ट्यूमरच्या कार्बन एमआरआयवर (गाठीतल्या पेशी साखरेचं काय करतात ते दाखवणारा नवा स्कॅन) छोटी बातमी आली, ‘काही सेकंदांत कॅन्सर ओळखणार’ अशा हेडिंगखाली, आणि तेव्हापासून आमच्या ठाण्याच्या सेंटरवर लोक मोबाइलवर कात्रणाचा फोटो दाखवून विचारतायत की हा स्कॅन कितीला पडतो. मी तिथे एमआरआय टेक्निशियन आहे. हा स्कॅन कुठल्याच सेंटरच्या रेटकार्डवर नाही हो, अजून संशोधनात आहे, जगातल्या मोजक्या हॉस्पिटलांत ट्रायलपुरता होतो. एवढी एक ओळ बातमीत हवी होती.

हेडिंगही चुकलंच. मेंदूत गाठ आहे हे साधा एमआरआय बऱ्यापैकी दाखवतो, खरी पंचाईत नंतर होते. ऑपरेशन झालं, सहा आठवडे रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या झाल्या की पहिला स्कॅन, आणि त्यात कधीकधी गाठ वाढलेली दिसते. स्कॅनच्या वेळी देतात ते गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन जिथे रक्तवाहिन्या गळक्या झाल्यात तिथे चमकतं, पण ती गळती कॅन्सरमुळे की रेडिएशनच्या सुजेमुळे हे त्यातून कळत नाही, आणि पहिल्या तीनेक महिन्यांत हा घोळ जास्त. मग रिपोर्टात ‘प्रोग्रेशन?’ (खरंच वाढलंय) आणि ‘स्यूडोप्रोग्रेशन?’ (नुसती सूज, वाढल्यासारखं दिसतंय) दोन्ही प्रश्नचिन्हासकट, खाली ‘क्लिनिकली कोरिलेट करा’, म्हणजे पेशंटची लक्षणं बघून ठरवा, आणि घरचे तो कागद घेऊन काउंटरवर उभे, दादा, म्हणजे वाढलंय की नाही? मला बोलायची परवानगी नाही आणि खरं सांगायचं तर उत्तरही नाही.

कार्बनची गरज इथे आहे. शरीरात साखर फुटून पायरुव्हेट होतं. निरोगी पेशी त्यातलं बरंचसं ऑक्सिजन वापरून जाळतात, त्यातला कार्बन बायकार्बोनेट होऊन दिसतो. ट्यूमर मात्र ऑक्सिजन असतानाही त्याचं लॅक्टेट करत सुटतो, हे ऑटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवलं होतं. तेव्हा कार्बन-१३ घातलेलं पायरुव्हेट शिरेतून द्यायचं आणि त्याचं काय होतंय ते स्कॅनरवर बघायचं, लॅक्टेट जास्त दिसलं तर कॅन्सरचा संशय. कार्बन-१३ किरणोत्सर्गी नाही, पेट स्कॅनसारखं रेडिएशन यात नाही.

अडचण अशी की नेहमीच्या ३ टेस्ला (चुंबकाची ताकद) मशीनमध्ये दहा लाखांत दोन-तीन कार्बनच कामाला येतात, म्हणजे संध्याकाळी सातला ठाणे स्टेशनवर कुणीतरी कुजबुजतंय आणि ते आपण ऐकायचं. म्हणून पायरुव्हेट उणे २७२ अंशांच्या आसपास गोठवून, चुंबकात ठेवून त्यावर मायक्रोवेव्ह सोडतात, म्हणजे कामाला येणारे कार्बन कितीतरी वाढतात. या पद्धतीने सिग्नल १०,००० पटींहून वाढतो हे २००३ मध्ये छापून आलं, आणि माणसांवरचा पहिला अभ्यास, प्रोस्टेट कॅन्सरच्या ३१ पेशंटांचा, २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून आला. मेंदूचं काम त्यानंतरचं. पण गरम पाण्याने ते विरघळवलं की घड्याळ सुरू, सिग्नल लगेच उतरायला लागतो, तेवढ्यात तपासायचं, टोचायचं, स्कॅन करायचा. आमच्याकडे पेशंट हलला तर आम्ही सिक्वेन्स परत लावतो, इथे मान हलली की अख्खा डोस वाया! शिवाय निरोगी मेंदूतही थोडं लॅक्टेट दिसतंच, सगळे ट्यूमर सारखे वागत नाहीत, त्यामुळे एक रंगीत फोटो बघून निकाल लागेल असंही नाही.

खारघरला टाटाच्या कॅन्सर संशोधन केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये प्रोटॉन थेरपीचं (रेडिएशनचाच एक प्रकार) अवाढव्य मशीन आलं, ते चालतंय. कार्बनसाठी पोलरायझर (ते गोठवून सिग्नल वाढवणारं यंत्र), सिग्नल पकडणारी वेगळी कॉइल आणि स्टराइल डोस तयार करणारी माणसं लागतात, खर्चिक आहेच, पण सरकारी पैशाने असं संशोधन नवी मुंबईत व्हावं यावर तुम्ही लिहिलंत तर उपयोग होईल. चमत्काराच्या हेडिंगचा होत नाही, त्याने लोक चालू ट्रीटमेंट सोडून स्कॅन शोधत फिरतात.

आणि ज्यांच्या रिपोर्टात ती दोन प्रश्नचिन्हं आहेत त्यांनी डॉक्टरांना परफ्युजन (गाठीतला रक्तप्रवाह बघणं) आणि स्पेक्ट्रोस्कोपीबद्दल (गाठीतली रसायनं बघणं) जरूर विचारावं, ते नेहमीच्या मशीनवर होतं. येताना आधीच्या सगळ्या स्कॅनच्या सीडी आणा, नुसते रिपोर्ट नकोत, कारण रेडिऑलॉजिस्टला मागचा स्कॅन शेजारी लावून बघावा लागतो आणि निम्मे लोक सीडी घरी विसरून येतात.

एक वाचक, कळवा (ठाणे)