दोन भिंगांचे कॅमेरे भंगारात काढू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमळनेर-चोपड्याकडच्या जुन्या स्टुडिओंच्या कपाटांत याशिकासारखे दोन भिंगांचे फिल्म कॅमेरे (एका भिंगातून पाहायचं, दुसऱ्यातून फोटो निघतो) मी आजही पाहतो. व्यवसायबंधूंनो, ते भंगारात काढू नका, ही कळकळीची विनंती.

लग्नाची कामं मी डिजिटलवरच करतो. व्यक्तिचित्रांसाठी मात्र आता याशिका मॅट १२४ जी वापरतो. १२० क्रमांकाच्या रुंद फिल्मच्या रोलवर साधारण ५६ × ५६ मिलिमीटरची चौकट मिळते, म्हणजे क्षेत्रफळाने नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीच्या साडेतीन पटींहून मोठी. भिंतीएवढी प्रिंट काढा, लुगड्याच्या काठाची वीणसुद्धा मोजता येते.

पण खरा फरक समोर बसणाऱ्याला पडतो. हा कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत पाहायचा. फोटोग्राफरचं तोंड यंत्राआड जात नाही. शटरचा आवाजही जेमतेम. परवा धाब्याच्या (सपाट मातीच्या छताच्या) घराच्या उंबऱ्यावर बसलेल्या आजी कापसाच्या भावाबद्दल तावातावाने बोलत होत्या. ‘व्हयना का फोटो?’ (झाला का फोटो?) असं त्यांनी विचारलं तेव्हा रोल संपत आला होता. हातवारे, भुवया, सगळं त्यात आलं.

रोलमध्ये बाराच फोटो आणि फिल्म महाग, हे खरंच. त्यामुळे पदर, प्रकाश, नजर आधी नीट बघावी लागते. जुना कॅमेरा घेताना भिंगावरची बुरशी तपासा आणि शटरचा वेग एक सेकंदावर ठेवून ते अडकतं का पाहा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात फिल्म गाडीच्या डिकीत ठेवू नका.

आपल्या रविवार पुरवणीतही खान्देशातल्या अशा एखाद्या चेहऱ्याला अर्धं पान द्यावं.

– एक छायाचित्रकार, अमळनेर