कुसिंगो हा आपल्या तांबटाचा नातेवाईक निघाला

प्रिय आई-बाबा,

फोनवर नीट सांगता आलं नाही, रेंज सारखी जात होती, म्हणून लिहूनच काढते. मी पाठवलेला कुसिंगो पक्ष्याचा फोटो बघून आई तू लगेच म्हणालीस "अगं हा तर आपला धनेश!" मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण धनेशाशी याचं जवळचं नातं नाही, चोच तेवढी मोठी. हा टूकनच्या (अमेरिकेतल्या जंगलातला मोठ्या रंगीत चोचीचा पक्षी) घराण्यातला लहान भाऊ, याचं खरं नातं आपल्या परसातल्या तांबटाशी आणि सुतारपक्ष्याशी. पायाची बोटं बघा, दोन पुढे दोन मागे, अगदी तशीच.

तर झालं असं की लाँग वीकेंडला कोस्टा रिकाच्या राजधानीहून, सान होसेहून, आम्ही सान इसिद्रोकडे निघालो, वाटेत जो घाट लागतो त्याचं नावच मरणाचा डोंगर, सेरो दे ला मुएर्ते (बाबा घाबरू नका, ड्रायव्हिंग मी करत नव्हते), आणि पलीकडे उतरलं की किसार्रा गावाजवळ लोस कुसिंगोस म्हणून जंगल राखलेलं आहे. अलेक्झांडर स्कच नावाच्या पक्षीअभ्यासकाने १९४१ मध्ये ती जमीन घेतली आणि शंभरीला आठवडाभर बाकी असताना २००४ मध्ये वारला तोवर तो तिथेच राहिला. नाव दिलं ते या पक्ष्याचंच, इथले लोक याला कुसिंगो म्हणतात. हा मिळतो फक्त कोस्टा रिकाच्या दक्षिणेकडे पॅसिफिकच्या बाजूला आणि लगतच्या पनामात, बाकी जगात कुठेच नाही!!

दिसायला म्हणाल तर चोचीसकट हातभर, वजन मात्र पाव किलोच्या आसपास. डोकं काळं, पाठ गडद हिरवी, पोट पिवळं, त्यावर छातीशी एक गोल काळा टिळा आणि खाली लाल पट्टा. वरची चोच निखाऱ्यासारखी नारिंगी-लाल, कडेला करवतीसारखे दाते. एवढी चोच घेऊन तोंडावर आपटत कसा नाही असं मला वाटायचं, पण ती आतून पोकळ जाळीदार असते, म्हणून हलकी. फळ टोकात धरतो, मान मागे टाकतो आणि गट्ट. सेक्रोपियाच्या झाडावर पाच जण होते, उडाले ते एकामागे एक, रांगेत, शाळेतून सुटलेल्या पोरांसारखे.

गरीब बिचारा वगैरे नाही हं, दुसऱ्यांच्या घरट्यातली अंडी-पिल्लंही पळवतो. घरसुद्धा बहुतेक आयतंच, सुतारपक्ष्याची जुनी ढोली. आपला तांबट निदान स्वतः खोदतो.

पण मला आवडलं ते त्यांचं झोपणं. संध्याकाळी अख्खं कुटुंब त्या एका ढोलीत शिरतं, चोच पाठीवर ठेवायची आणि शेपटी घडी घालून वरून पांघरायची की एवढ्याशा जागेत चार-पाच जण मावतात. याच्या एका चुलत जातीच्या पक्ष्यांत पनामात स्कचने बघितलं होतं की पिल्लांना आईबापच नाही, बरोबरचे इतर मोठेही भरवतात. आजोळी आपण बारा जण एका खोलीत झोपायचो आणि कुणाची तरी लाथ मला बसायचीच, तेच आठवलं.

बाबा, शेवग्याची वाळकी फांदी तोडायला माणूस बोलावणार होतात ना? जरा थांबा. मागच्या वर्षी तांबटाने त्यातच भोक पाडलं होतं. आधी खालून बघा, आत कोणी आहे का. रविवारी कॉल करते तेव्हा फोन तिकडे न्या, मला टुक-टुक ऐकायचंय. आणि आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांग, ऑर्डर करते.

तुमची,
चिमी

(शिडीवर चढू नका!)