लॅबमधल्या मामांना, एका थेंबाबद्दल

मामा, सप्रेम नमस्कार.

आमचं प्रदर्शन मागच्या महिन्यात संपलं. अंधाऱ्या खोलीच्या भिंतींवर आणि जमिनीवर आम्ही डबक्याच्या एका थेंबातलं जग उभं केलं होतं. लोक मधोमध बसकण मारायचे. पोरं जमिनीवरच्या अमिबावर पाय ठेवायची आणि तो बाजूला सरकला की किंचाळायची. आभाराच्या फलकावर तुमचं नाव होतंच, पण तेवढ्यानं माझं मन भरलं नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्या लॅबमध्ये मी पहिल्यांदा आले तेव्हा लॅपटॉपवर माझं पॅरामेशियम, म्हणजे डबक्यातला एकपेशीय जीव, तयार होतं. जांभळं, चमचमणारं, माशासारखं सरळ पोहणारं. तुम्ही ते शांतपणे पाहिलंत आणि म्हणालात, "ताई, आधी खरं बघा."

मग तुम्ही मला कामाला लावलंत. भाताचा पेंढा उकळायचा, पाणी गार झालं की त्यात डबक्यातलं पाणी घालायचं आणि बाटली खिडकीत ठेवून द्यायची. पहिले काही दिवस नुसता गढूळपणा आणि कुबट वास. नंतर एका सकाळी तुम्ही तवंगालगतचा थेंब ड्रॉपरने उचललात, स्लाइडवर कापसाचे चार तंतू पसरलेत आणि वर काच ठेवलीत. तंतूंच्या जाळीत ते सुसाट धावणारे जीव अडले, तेव्हा कुठे मला ते धड बघता आले.

ते सरळ पोहतच नव्हतं! स्वतःभोवती गिरक्या घेत, मळसूत्रासारखं पुढे जात होतं. तंतूला धडकलं की मागे यायचं, जरा वळायचं, पुन्हा पुढे. अंग काचेसारखं आरपार, आणि आत चांदणीसारखी एक पोकळी भरत होती, मिटत होती, शरीरात शिरलेलं जादा पाणी बाहेर टाकत होती. मी तासभर डोळा काढला नाही. तुमची जेवणाची सुट्टी त्यात गेली, तरी तुम्ही चकार शब्द काढला नाहीत.

त्या रात्री मी जुनं सगळं काढून टाकलं. जेमतेम पाव मिलिमीटरचा जीव भिंतीवर आठ फुटांचा करायचा, म्हणजे जवळजवळ दहा हजार पट. एवढं मोठं केल्यावर गिरकी चुकली तर ती लपत नाही. म्हणून एकेक हालचाल तुमच्या स्लाइडशी ताडून पाहिली. जांभळा रंगही गेला.

रंग एकाच भिंतीवर ठेवला, लोणारच्या. २०२० च्या जूनमध्ये ते सरोवर गुलाबी झालं होतं. पाणी आटून खारटपणा वाढला आणि मिठात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं. तो गुलाबी खरा होता, म्हणून ठेवला.

फलकावर प्राध्यापकांची नावं वर आणि तुमचं शेवटी, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. १६७४ मध्ये तळ्याच्या पाण्यात हे इवले जीव पाहणारा डेल्फ्टचा लेवेनहूक कापडाचा व्यापारी होता, विद्यापीठात गेलेला नव्हता. पुढच्या प्रदर्शनात तुमचं नाव सगळ्यांत वर असेल, हे मी ठरवलंय.

बाटली अजून माझ्या खिडकीत आहे. परवा त्यात रोटिफर नावाचे इवले प्राणी दिसले, डोक्यावर चक्रं गरगर फिरत असल्यासारखे. सोमवारी घेऊन येते. कापूस तुमच्याकडचाच लागेल.

तुमची,
लॅपटॉपवाली ताई