वाडगा पाठवतेय, आमटी वाढू नका

मिनिआपोलिस, १५ मार्च

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

ऑफिसातला एक मित्र एप्रिलमध्ये गोव्याला जातोय. मोपाच्या विमानतळावर उतरला की सावंतवाडीत येऊन एक खोका देईल. आत मी कातलेला लाकडी वाडगा आहे, लाल, निळा आणि पांढरा. आई, त्यात आमटी वाढू नकोस. का, ते पुढे सांगते.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "चांगल्या लाकडाचे आधी तुकडे करायचे आणि मग तेच चिकटवायचे, हा उपद्व्याप कशाला?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं. खरं कारण रंग. तुम्ही मला चितारआळीत न्यायचात ते आठवतं? कातारी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबायचा, घासून घासून लाख वितळायची आणि रंग चढायचा. तो रंग वरचा. मला आतपर्यंत रंगलेलं लाकूड हवं होतं. म्हणून आधी मीच मेपलचे तुकडे दोन दिवस रंगाच्या पाण्यात बुडवून ठेवले, वाळवले, लेथवर चढवले. पटाशी लावली आणि पहिल्याच फेऱ्यात आतून मुळ्यासारखं पांढरंफटक निघालं! नुसतं बुडवून जाड लाकडात रंग आतपर्यंत शिरत नाही. इथे रंगीत ठोकळे तयार मिळतात, त्यात बर्चचे दीडेक मिलिमीटरचे पातळ थर आधी आरपार रंगवून मग एकावर एक दाबून चिकटवलेले असतात. ते गोलाईत कातले की थरांच्या रेषा नकाशातल्या डोंगरासारख्या वळत जातात.

या ठोकळ्यांचे आणि साध्या मेपलचे तुकडे गोल जोडून कडी करायची, ती एकावर एक चिकटवायची आणि मग वाडगा कातायचा. तुकड्यांचा हिशेब तुम्हाला आवडेल. एका कड्यात १२ तुकडे, एक लाल, एक पांढरा, आणि प्रत्येकाची दोन्ही टोकं १५ अंशात कापलेली. म्हणजे २४ काप. करवत प्रत्येक कापात अंशाचा फक्त दहावा भाग चुकली, तरी शेवटच्या सांध्यात २.४ अंशांची चूक साचते. २० सेंटीमीटरच्या कड्यावर ती ४ मिलिमीटरची फट होते. मी पहिल्यांदा ती फट डिंक आणि भुशाने बुजवली होती, सांगताना लाज वाटते. आता दोन अर्धी कडी वेगळी जोडते, काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यांची तोंडं सपाट घासते आणि मग जुळवते. अशी नऊ कडी रचलीत, प्रत्येक कडं खालच्यापेक्षा अर्ध्या तुकड्याने सरकवून, गवंडी विटा रचतो तशी.

घासताना लाल भुसा पांढऱ्या मेपलच्या छिद्रांत बसतो आणि सगळं गुलाबी दिसायला लागतं. यावर इथले जुने लोक आधी शेलॅकचा हात मारतात. शेलॅक म्हणजे आपली लाखच की! इतकी दूर येऊन शेवटी लाखेपाशीच आले.

आता तळाचं सांगते. गेल्या उन्हाळ्यात केलेला पहिला वाडगा मी टेबलावर ठेवला होता. जानेवारीत बाहेर उणे वीस, घरात दिवसरात्र हीटर, हवा पापडासारखी कोरडी. एका रात्री टक्कन आवाज आला. सकाळी बघते तर तळाला मधोमध उभी चीर. दोष माझाच होता. लाकूड आपल्या धाग्यांच्या रेषांना आडवं आकसतं-फुगतं, रेषांच्या लांबीत जवळजवळ नाही. कड्यांमधल्या तुकड्यांच्या रेषा घेराच्या बाजूने जातात, म्हणून घेर फारसा हलत नाही. तळाची एकसंध चकती मात्र आकसू पाहत होती आणि मी ती चारी बाजूंनी डिंकाने जखडून ठेवली होती. शेवटी ती फाटली.

तुमच्याकडे उलटं होणार. इथल्या कोरड्या हवेतून वाडीच्या आषाढात गेलेली १० सेंटीमीटरची चकती रुंदीत २-३ मिलिमीटर फुगू शकते. जखडलेली असती तर तिने कडीच ढकलून सांधे उघडले असते. म्हणून या वाडग्यात खालच्या कड्याला आतून खाच पाडली आहे आणि तळाची चकती त्यात सैल बसवली आहे, डिंक न लावता. हलवून पाहिलात तर किंचित खुळखुळेल. बाबा, फेविकॉल आणायला उठू नका. आणि आई, म्हणूनच आमटी नको, खालून गळेल. लिंबं ठेव, लसूण ठेव. भांड्यांबरोबर घासू नकोस, ओल्या फडक्याने पुसलंस की झालं. खळ्यात उन्हात तर अजिबात नको, रंग उडतो.

बाबा, एक काम आहे. वाडगा उपडा केलात की चकतीवर पेन्सिलीने दोन रेघा दिसतील, एक लाकडाच्या रेषांच्या दिशेने, एक आडवी. दोन्हींच्या टोकांशी खाचेत किती फट आहे ते मी मोजून कागदावर लिहिलंय, कागद खोक्यातच आहे. तुम्ही पावसाची नोंद करता त्या वहीत आषाढात एकदा हीही नोंद करा, पातळ पट्टी खाचेत घालून. आडव्या रेघेकडची फट पार बुजली असेल तर लगेच फोन करा, रात्र असली तरी चालेल.

तुमची,
बाय