एका हेक्टरवर किती माणसे? नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

शहरात दर चौरस किलोमीटरला किती माणसे असावीत, हा प्रश्न प्रत्येक नव्या विकास आराखड्याच्या वेळी आपल्या खात्यापुढे येतो. उत्तर म्हणून एक आकडा लिहिला जातो आणि पुढची कित्येक वर्षे शहर त्या आकड्यावर वाढते. आराखडे काढणे हेच माझे काम आहे. त्या एकट्या आकड्याबद्दल माझी तक्रार आहे, म्हणून हे पत्र.

माझे लहानपण एका खोलीत गेले. माणसे सात. अभ्यासाची माझी जागा म्हणजे जिन्याची तिसरी पायरी. कोणी वर-खाली निघाले की वही छातीशी धरून भिंतीला चिकटायचे, ते गेले की पुन्हा बसायचे. त्या वस्तीतली बहुतेक घरे दुमजली होती. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती दाट वाटली नसती. दाटी दाराच्या आत होती. एका खोलीत तीनपेक्षा जास्त माणसे राहत असतील तर त्या घरात पुरेशी जागा नाही, असे संयुक्त राष्ट्रांची यूएन-हॅबिटॅट ही संस्था मानते. आम्ही त्याच्या दुपटीच्याही पुढे होतो.

घनता (दर चौरस किलोमीटरला किती माणसे) आणि दाटी (एका खोलीत किती माणसे) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या कागदांवर त्या एकच होऊन बसल्या आहेत. 1910 साली न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटावर सुमारे 23 लाख लोक राहत होते. आज तिथे 17 लाखांच्या आसपास आहेत. मधल्या काळात इमारती गगनाला भिडल्या, राहणारी माणसे मात्र घटली. त्या वेळची गर्दी पाच-सहा मजली भाड्याच्या इमारतींत कोंबलेली होती आणि जुन्या इमारतींतल्या कित्येक खोल्यांना बाहेर उघडणारी खिडकीच नव्हती. 1901 च्या कायद्याने नव्या इमारतींत प्रत्येक खोलीला खिडकी आणि प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचा संडास सक्तीचा झाला. त्याच शहरात 2020 च्या करोना साथीत सर्वांत दाट मॅनहॅटनपेक्षा ब्राँक्स आणि क्वीन्स या विभागांत लागणीचे प्रमाण जास्त होते. तिथे एकेका घरात माणसे जास्त होती, आणि घरी बसून काम करण्याची सोय कमी जणांना होती.

आता एक साधा हिशेब मांडते. एक हेक्टर जमीन घ्या, म्हणजे 10,000 चौरस मीटर. अर्धी रस्ते, बाग, शाळा, दवाखाना यांना सोडा. उरलेल्या 5,000 मीटरवर एफएसआय (भूखंडाच्या किती पट चटईक्षेत्र, म्हणजे सगळ्या मजल्यांचे मिळून क्षेत्र, बांधता येते ते प्रमाण) 2 द्या. निम्म्या जागेवरच बांधकाम केले, तरी चार मजल्यांत 10,000 मीटर चटईक्षेत्र मिळते. दुकाने, जिने, भिंती यांचे 2,000 वजा करा. उरलेल्या 8,000 मध्ये माणशी 25 मीटर धरले तर 320 माणसे ऐसपैस राहतात. चौरस किलोमीटरला हे 32,000 झाले, तेही लिफ्टशिवाय चढता येईल अशा इमारतींत. त्याच इमारतींत माणशी 5 मीटर आले तर माणसे 1,600 होतील. बाहेरून काहीच बदललेले दिसणार नाही, पण जिन्याच्या पायरीवर एखादी मुलगी वही घेऊन बसलेली असेल.

आणि याच हेक्टरवर उद्या एफएसआय दुप्पट झाला तर? घरे दुप्पट होतील, पण रस्ता, बाग आणि शाळेची जमीन तेवढीच राहील. माणशी साडेपंधरा मीटर होती ती पावणेआठवर येईल. जमिनीखालची सांडपाण्याची वाहिनीही त्याच जुन्या व्यासाची असेल. एफएसआय वाढवण्याचा आदेश एका दिवसात निघतो, वाहिनी बदलायला रस्ता खणावा लागतो. हा क्रम उलटा आहे आणि त्याची किंमत तळमजल्यावर राहणारे मोजतात, कारण तुंबलेले पाणी आधी त्यांच्या घरात शिरते.

पॅरिसचा आकडा पाहिलात तर चौरस किलोमीटरला सुमारे 20,000 भरतो. शहराच्या दोन कडांची दोन मोठी वने हिशेबातून काढली की तोच 24,000 च्या जवळ जातो. शहर तेच, फक्त रेघ सरकली. म्हणून संपूर्ण शहराच्या सरासरीवर माझा विश्वास नाही. विमानतळ, तलाव, कारखाने सगळे भागाकारात धरले की कोंदटलेली वस्तीसुद्धा कागदावर मोकळी दिसते. तरीही पॅरिस महत्त्वाचे आहे. त्यातल्या बहुतांश निवासी इमारती सहा-सात मजल्यांच्या आहेत. एवढी घनता गाठायला मनोऱ्यांची गरज नसते, हे तिथे रस्त्यावर उभे राहून दिसते.

दुसऱ्या टोकाला हाँगकाँगमधली कौलून वॉल्ड सिटी होती. अडीच हेक्टरांहून थोड्याच जास्त जागेत सुमारे 33,000 माणसे, म्हणजे चौरस किलोमीटरला बारा लाखांवर. खालच्या गल्ल्यांत ऊन पोहोचत नसे. 1993-94 मध्ये ती पाडली, आता तिथे बाग आहे.

विरळ वस्ती हाही उपाय नव्हे. बसथांब्यापर्यंत माणूस साधारण 400 मीटर चालतो. तेवढ्या वर्तुळात अर्धा चौरस किलोमीटर जमीन येते. अमेरिकेतल्या ह्यूस्टनसारख्या, चौरस किलोमीटरला 1,400 घनतेच्या शहरात त्या वर्तुळात सातशे माणसे असतात. त्यांच्यासाठी दर दहा मिनिटांनी बस कोण चालवणार? 20,000 घनतेला तिथे दहा हजार माणसे असतात आणि बस भरून जाते. किराणा, दवाखाना, वाचनालय यांचेही तेच गणित.

आकडा विचाराल तर वस्तीच्या पातळीवर चौरस किलोमीटरला 15,000 ते 30,000 हा पल्ला मला राहण्याजोगा वाटतो. 15,000 ही यूएन-हॅबिटॅटने सुचवलेली किमान घनता आहे, आणि तिच्या जोडीला जमिनीचा किमान 30 टक्के भाग रस्त्यांसाठी ठेवावा असेही त्यांनी म्हटले आहे. वरची मर्यादा माझी, कामाच्या अनुभवातून आलेली. आज मी एकोणिसाव्या मजल्यावर राहते. घर मोठे आहे, उजेड भरपूर आहे. पण चौथ्या मजल्यावर होतो तेव्हा खाली खेळणाऱ्या मुलाला खिडकीतून हाक मारता यायची, तो पडला तर रडण्यावरून कळायचे. आता त्याला फोन लावावा लागतो, आणि खाली पोहोचायला लिफ्टची वाट पाहावी लागते.

आपल्याकडे मागणे एवढेच आहे. पुढच्या आराखड्यात घनतेच्या आकड्याशेजारी प्रत्येक वस्तीसाठी आणखी तीन रकाने द्यावेत: एका खोलीत माणसे किती, माणशी मोकळी जमीन किती, आणि पाण्याच्या व सांडपाण्याच्या वाहिन्यांची क्षमता किती शिल्लक आहे. तिसरा रकाना रिकामा असेल तिथे वाढीव एफएसआयच्या फायलीवर सही करू नये. हरकती आणि सूचना मागवाल तेव्हा हे रकाने नकाशाच्या त्याच पानावर, वाचता येईल एवढ्या अक्षरात असावेत.

कळावे,

आपली,
एक नगररचनाकार